अचानक मिळालेल्या इंटरनेट-प्रसिद्धीची न दिसणारी बाजू : नाशिकच्या कंटेंट क्रिएटरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये गंगापूर रोडवर आमचे करसल्ल्याचे लहानसे कार्यालय आहे. पूर्वी येथे दुकानदार, ठेकेदार आणि अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजक येत. २०२० नंतर त्यांच्या शेजारच्या खुर्च्यांवर मिसळवाले, द्राक्षबागायतदार, गडकिल्ल्यांवर भटकणारी मुले, अहिराणीतून विनोद करणारे कलाकार आणि ओट्यावर मोबाइल उभा करून स्वयंपाक दाखवणाऱ्या गृहिणी दिसू लागल्या. यांतील बहुतेक जण "पैसे कधी जमा होतील?" एवढाच प्रश्न घेऊन येतात, तासाभराच्या बोलण्यात मात्र असे प्रश्न निघतात, जे त्यांनी घरीही कोणाला विचारलेले नसतात. पुन्हा पुन्हा समोर आलेले हे प्रश्न आणि आम्ही दिलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उदाहरणांतील माणसे ओळखू येणार नाहीत, इतपत तपशील बदलले आहेत.

व्हिडिओ व्हायरल होणे म्हणजे नेमके काय होणे?

यूट्यूब किंवा इन्स्टाग्राम नवा व्हिडिओ आधी थोड्या लोकांपुढे ठेवते, ते किती वेळ थांबले, त्यांनी तो दुसऱ्या कोणाला पाठवला का, हे पाहते आणि प्रतिसाद चांगला असेल तर आणखी मोठ्या गटाला तो दाखवते. या प्रवासात पुढे जातो तो व्हिडिओ. तो करणारे माणूस आहे तेथेच असते. पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना तुमचे नाव, गाव किंवा आधीचे काम ठाऊक नसते आणि ते जाणून घेण्याची गरजही त्यांना वाटत नाही.

आम्ही अशा वेळी ऊसतोडीचे उदाहरण देतो. हंगामाआधी मुकादमाकडून उचल मिळते, तेव्हा हातात एकरकमी पैसा येतो आणि घरात सण असल्यासारखे वाटते; पण ती मजुरी नसते, पुढे कोयता चालवून ती फेडायची असते. अचानक आलेली प्रसिद्धी ही अशीच उचल आहे, फरक इतकाच की ती फेडण्याचा हिशेब आधी कोणी सांगत नाही.

माझ्या व्हिडिओला वीस लाख व्ह्यूज आले. मग पैसे का आले नाहीत?

यूट्यूबच्या पार्टनर प्रोग्राममध्ये जाहिरातीच्या उत्पन्नाचा वाटा मिळण्यासाठी किमान १,००० सबस्क्रायबर आणि त्यासोबत मागील १२ महिन्यांत ४,००० तासांचा वॉच टाइम किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज लागतात. अर्ज मंजूर होण्याआधी झालेल्या व्ह्यूजचे पैसे मागाहून मिळत नाहीत. त्यामुळे ज्यांचा पहिला किंवा दुसराच व्हिडिओ उसळी घेतो, त्यांचे सर्वांत मोठे यश नेमके बिनपैशाच्या काळात येऊन जाते. मंजुरीनंतर नेहमीच्या लांब व्हिडिओवरील जाहिरातीच्या उत्पन्नातील ५५ टक्के वाटा क्रिएटरला मिळतो. शॉर्ट्सच्या बाबतीत, १ फेब्रुवारी २०२३ पासून, जाहिरातींची रक्कम आधी एकत्र केली जाते, तीतून संगीताचा हिस्सा बाजूला काढला जातो आणि क्रिएटरच्या नावे पडलेल्या रकमेतील ४५ टक्के त्याच्या हाती येतात. इन्स्टाग्रामवर तर लाखो लोकांनी रील पाहिले एवढ्याने आपोआप पैसे मिळत नाहीत.

त्यानंतरही वाट सरळ नसते. खात्यात १० डॉलर जमले की पत्ता पडताळण्यासाठी टपालाने पिन येतो आणि १०० डॉलर जमेपर्यंत पैसे बँकेत जात नाहीत. सिडकोतील एका तरुणाचा पिन तीन वेळा हरवला, कारण त्याने पत्त्यात बंगल्याचे नाव लिहिले होते, घरक्रमांक लिहिला नव्हता, आणि त्या भागात 'मातोश्री' नावाची चार घरे होती. अमेरिकेतील प्रेक्षकांमुळे मिळालेल्या उत्पन्नावर तेथील कर कापला जातो. करविषयक माहितीचा अर्ज नीट भरला असेल, तर भारत-अमेरिका करारामुळे ही कपात १५ टक्क्यांपर्यंत राहते, आणि माहितीच दिली नाही, तर ती सर्व देशांतील एकूण उत्पन्नावर २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. दिवाळीत गल्लीतील लोक पेढे मागत होते आणि याच्या खात्यात एक रुपया आलेला नव्हता, ही त्या तरुणाची अडचण आम्हांला कराच्या अडचणीपेक्षा मोठी वाटली.

दुकानावर गर्दी वाढली, तर त्यात तोटा कसा असू शकेल?

सातपूरच्या बाजूला मिसळ विकणाऱ्या एका मावशींची गोष्ट येथे सविस्तर सांगण्यासारखी आहे. एका शनिवारी रात्री त्यांच्या चुलीवरच्या रश्श्याचे रील पसरले आणि रविवारी सकाळी सात वाजता गाड्यांची रांग लागली. आता मटकी आदल्या रात्री भिजत घालून, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून, मोड फुटायला आणखी एक रात्र द्यावी लागते. म्हणजे रविवारी किती मिसळ विकायची, हे मावशींनी शुक्रवारीच ठरवून टाकलेले होते. साडेनऊला मटकी संपली. मुंबई-ठाण्याहून आलेली माणसे परत जायला तयार नव्हती, म्हणून मुलाने रश्श्यात गरम पाणी ओतले आणि फरसाणाची मूठ वाढवली. संध्याकाळपर्यंत गूगलवर 'नाव मोठे, लक्षण खोटे' अशा अर्थाचे सोळा अभिप्राय आले होते, आणि मावशी म्हणतात त्याप्रमाणे त्यांतील एकही खोटा नव्हता.

खरा फटका पुढे बसला. रात्रपाळी संपवून सकाळी येणारे कंपनीतील कामगार हे त्यांचे रोजचे गिऱ्हाईक. त्यांना बसायला जागा मिळेना, उभे राहून खाताना कोणीतरी चेहऱ्यासमोर मोबाइल धरू लागले, आणि वीस-पंचवीस माणसे महिन्याभरात दुसऱ्या टपरीकडे वळली. इकडे मावशींनी शेजारचा गाळा अनामत देऊन भाड्याने घेतला आणि दोन पोरे कामाला ठेवली. गर्दी अडीच महिन्यांत ओसरली. गाळ्याचा करार अकरा महिन्यांचा होता.

दिल्लीतील मालवीय नगरच्या 'बाबा का ढाबा'चे उदाहरण देशाला ठाऊक आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये एका व्हिडिओमुळे त्या वृद्ध दांपत्याच्या टपरीवर झुंबड उडाली, डिसेंबरमध्ये त्यांनी उपाहारगृह उघडले, आणि काही महिन्यांतच ते बंद करून त्यांना जुन्या टपरीवर परतावे लागले. कौतुक करायला एकदा येणारा आणि भूक लागली म्हणून रोज येणारा, हे दोन वेगळे ग्राहक आहेत. मावशींनी आता दारावर 'आज १२० प्लेट' अशी पाटी लावली आहे आणि सकाळी आठपर्यंत आतले दोन बाक पाळीवरून येणाऱ्यांसाठी ठेवले आहेत. हे त्यांना कोणी सल्लागाराने सांगितले नाही.

त्या एका व्हिडिओनंतरचे माझे व्हिडिओ पूर्वीपेक्षाही कमी का चालतात?

हा प्रश्न इतक्या वेळा येतो की 'रीच पडली' हे शब्द ऐकताच आम्ही चहा सांगतो. समजा, तुमच्या चॅनलला आठशे माणसे मनापासून पाहत होती. एका व्हिडिओमुळे चाळीस हजार नवे सबस्क्रायबर आले. पुढचा व्हिडिओ त्यांच्यापुढेही ठेवला जातो, पण ते तुमच्या कामासाठी नव्हे, त्या एका दृश्यासाठी आलेले असतात. ते थांबत नाहीत, आणि त्यांच्या न थांबण्यावरून यंत्रणा समजते की व्हिडिओच कंटाळवाणा आहे. जुनी आठशे माणसे तेथेच असतात, परंतु त्यांच्यापर्यंत व्हिडिओ पोहोचण्याआधीच त्याचे भवितव्य ठरलेले असते.

यात मराठी क्रिएटरपुढे एक खास पेच उभा राहतो. गड फिरणाऱ्या एका मुलाचे हरिहरच्या खड्या दगडी पायऱ्यांचे चित्रण पसरले, तेव्हा निम्म्या प्रतिक्रिया 'भाई, हिंदी में बोलो' अशा होत्या. त्याने हिंदी सुरू केले. हिंदीत त्याच पायऱ्या दाखवणारे शेकडो जण आधीच होते आणि त्याच्याकडे जे वेगळे होते, म्हणजे पायथ्याच्या निरगुडपाड्यातील म्हाताऱ्यांशी त्यांच्या बोलीत मारलेल्या गप्पा, ते हिंदीत आणता येईना. सहा महिन्यांनी तो मराठीकडे परतला, तेव्हा जुने प्रेक्षक रुसून बसले होते. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी त्याच पायऱ्यांवर आता चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची कोंडी होते आणि वर वाकून पाहताना पोटात गोळा येतो. या गर्दीत आपला हात किती, हा प्रश्न त्याला छळतो. तो आता नव्या जागेचे नाव व्हिडिओत सांगत नाही. उशिरा सुचलेले असले, तरी आम्हांला हे शहाणपण योग्य वाटते.

प्रेक्षक मला एकाच भूमिकेत पाहू इच्छितात. त्यातून बाहेर कसे पडावे?

मालेगाव, बागलाण, देवळा, कळवण या पट्ट्यातील अहिराणी बोलणाऱ्या कलाकारांची ही विशेष व्यथा आहे. बोलीमुळे ते प्रसिद्ध होतात आणि बोली म्हणजे हसण्याची गोष्ट, हा शहरी समज त्यांच्याच व्हिडिओंमुळे अधिक घट्ट होतो. असाच एक कलाकार कांद्याच्या भावावर गंभीरपणे बोलला, तर खाली हसण्याच्या चित्रांची रांग लागली. "आबा, मी रडत होतो आणि लोक हसत होते," असे त्याने आमच्याकडील ज्येष्ठ लेखनिकांना सांगितले. बाहेर पडण्याचा खात्रीचा मार्ग आमच्याकडे नाही. गंभीर कामासाठी वेगळा चॅनल काढून तो कमी प्रेक्षकांत शांतपणे वाढवणे, एवढे मात्र काहींना जमलेले आहे.

चॅनल कोणाच्या मालकीचा असतो?

ज्याच्या ईमेल खात्यावर तो उघडला आहे, त्याच्या ताब्यात. वाक्य साधे आहे, पण आमच्या कार्यालयात सर्वाधिक आवाज याच वाक्यावरून चढले आहेत. ओझरजवळच्या एका काकूंचा स्वयंपाकाचा चॅनल त्यांच्या पुतण्याने आपल्या जीमेलवरून सुरू केला. चित्रीकरण, संकलन, थंबनेल सारे त्याचे, हात आणि आवाज काकूंचे. तीनशे लोक पाहत होते तोवर कोणाच्या मनात काही आले नाही. आकडा दोन लाखांवर गेल्यावर पैसे पुतण्याच्या खात्यात जमा होऊ लागले, प्राप्तिकराच्या नोंदींत त्याचे उत्पन्न दिसू लागले, आणि काकूंना किराण्यासाठी त्याच्याकडे पैसे मागावे लागले. त्यानेही तीन वर्षे नोकरी न शोधता हेच काम केले होते, हे विसरून चालणार नाही. दोघांचीही बाजू खरी होती, म्हणूनच भांडण मिटायला वर्ष लागले.

यूट्यूबवर ब्रँड खाते (अनेकांना मिळून चालवता येणारे खाते) असेल, तर मालक आणि व्यवस्थापक वेगवेगळे नेमता येतात. ज्यांच्या चेहऱ्यावर चॅनल उभा आहे, त्यांना मालक ठेवावे, वाटा टक्क्यांत लिहून काढावा आणि हे सर्व पहिला पैसा येण्याआधी करावे. नात्यात कागद कशाला, असे म्हणणाऱ्या घरांतच हा कागद अधिक लागतो.

कंपन्या वस्तू फुकट पाठवतात. त्यांचा हिशेब ठेवावा लागतो का?

होय. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार व्यवसायाच्या ओघात एका वर्षात एकाच देणाऱ्याकडून २०,००० रुपयांहून अधिक किमतीचे लाभ मिळाले, तर त्यावर १० टक्के कर कापला जातो. व्हिडिओ करून वस्तू परत केली, तर तो लाभ ठरत नाही. ठेवून घेतली, तर ठरतो. घरी आलेला महागडा मोबाइल म्हणजे उत्पन्न आहे आणि त्यावरील कर मात्र रोख भरायचा आहे, हे ऐकून अनेकांचा चेहरा उतरतो. याशिवाय वर्षाची एकूण उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, आणि परदेशातून आलेली जाहिरातीची रक्कम सेवानिर्यात म्हणून शून्य दराची असली, तरी उलाढालीत मोजली जाते.

दुसरी बाजू ग्राहक कायद्याची आहे. पैसे, वस्तू किंवा मोफत मुक्काम घेऊन केलेली शिफारस ही जाहिरात आहे, हे प्रेक्षकाला स्पष्ट दिसेल असे सांगणे बंधनकारक आहे; जाहिरात मानक परिषदेने इन्फ्लुएन्सरांसाठी २०२१ मध्ये नियमावली काढली आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, तसेच एक वर्ष आणि नंतर तीन वर्षांपर्यंत शिफारशी करण्यास मनाई होऊ शकते. गोरेपणाचे क्रीम किंवा 'आठ दिवसांत पोट सपाट' असले काम आले, तर आम्ही पैशाचा आकडा न विचारताच नको म्हणून सांगतो.

करारावर सही करण्यापूर्वी काय वाचावे?

व्हिडिओ किती काळ, कोणत्या माध्यमांत आणि कोणत्या नावाने वापरला जाणार, हे आधी वाचावे. 'कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत' या तीन शब्दांनी पाच हजार रुपयांत तुमचा चेहरा आयुष्यभरासाठी जातो. प्रतिस्पर्धी कंपनीचे काम न करण्याची अट किती महिन्यांची आहे, तेही पाहावे. गाण्याचा प्रश्न अनेकांच्या लक्षातच येत नाही : स्वतःच्या हौसेच्या रीलसाठी ॲपमधून मिळालेले चित्रपटगीत जाहिरातीत वापरण्याचा हक्क त्यातून मिळत नाही, आणि ध्वनिफीत कंपनीची नोटीस ब्रँडला नव्हे, तर कधी थेट क्रिएटरलाच येते.

पैसे थकवले जाणे ही नित्याची तक्रार आहे. लघुउद्योजक म्हणून करायची उद्यम नोंदणी मोफत होते आणि ती असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे देयक लांबवता येत नाही. लांबवल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. प्रत्यक्षात व्याज क्वचितच मिळते, पण पत्रात हे कलम लिहिले की मुद्दल लवकर येते, असा आमचा अनुभव आहे.

मी शेतीचे व्हिडिओ करतो. माझ्यावर जबाबदारी येते का?

कायद्याची जबाबदारी प्रकरणानुसार ठरेल. माणुसकीची मात्र लगेच येते. दिंडोरीकडील एका बागायतदाराने गोडी छाटणीनंतर (फळे धरण्यासाठी केलेल्या छाटणीनंतर) डावणी या बुरशीच्या रोगावर आपण केलेल्या फवारणीचा व्हिडिओ टाकला. त्याच्या बागेची जमीन, द्राक्षाची जात, छाटणीची तारीख आणि त्या आठवड्यातला पाऊस व्हिडिओत नव्हता. तो पसरल्यावर सांगली, सोलापूरपासून फोन येऊ लागले. पहाटे पाचला, जेवताना, मुलीच्या साखरपुड्यातसुद्धा. एका शेतकऱ्याने तेच प्रमाण काढणीच्या तोंडावर वापरले. निर्यातीच्या द्राक्षात औषधाचा अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला, तर माल परदेशी जात नाही आणि स्थानिक बाजारात मिळेल त्या भावाला विकावा लागतो. त्या माणसाने शिव्या दिल्या नाहीत. फक्त "दादा, तुम्ही सांगितलं होतं," एवढे म्हणून फोन ठेवला. आमचे बागायतदार त्यानंतर कितीतरी दिवस कॅमेऱ्यासमोर उभे राहिले नाहीत. आता ते प्रत्येक व्हिडिओत छाटणीपासूनचा दिवस सांगतात, औषधाच्या प्रमाणासाठी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशी पाहायला सांगतात, आणि चॅनलवरचा आपला क्रमांक त्यांनी काढून टाकला आहे.

प्रसिद्धी मिळण्याआधीच्या व्हिडिओंचे काय करावे?

एकदा बसून सर्व पाहावेत. प्रसिद्ध झालेल्या माणसाचे जुने व्हिडिओ लोक हौसेने उकरतात, कधी कौतुकाने आणि पुष्कळदा खोड काढण्यासाठी. नाशिकमध्ये याला एक स्थानिक पदर आहे : देवळालीचा तोफखान्याचा परिसर, ओझरचा विमान कारखाना, नाशिकरोडचे नोटांचे आणि सिक्युरिटी मुद्रणालय ही संवेदनशील ठिकाणे आहेत आणि त्र्यंबकेश्वराच्या मंदिरात चित्रीकरणाला मनाई आहे. मित्राच्या ड्रोनने गंमत म्हणून काढलेले दृश्य दोनशे लोकांनी पाहिले, तेव्हा कोणी विचारले नाही. वीस लाख लोकांनी पाहिले की विचारणारा निघतो. शेजाऱ्यांच्या घराचा क्रमांक, मुलांच्या शाळेचा गणवेश, गाडीची नंबरप्लेट दिसत असेल, तर तेही व्हिडिओ खासगी करावेत.

नोकरी सोडावी का?

सलग बारा महिन्यांचे उत्पन्न पाहिल्याशिवाय सोडू नये, आणि त्यातून सर्वांत चांगला महिना वगळून सरासरी काढावी.

मी शासकीय सेवेत आहे. चॅनल चालवता येईल का?

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार खासगी व्यवसायासाठी पूर्वपरवानगी लागते, आणि राज्य शासनाने जुलै २०२५ मध्ये समाजमाध्यमांच्या वापराबाबत स्वतंत्र सूचनाही काढल्या आहेत. पत्नीच्या नावे चॅनल आणि चेहरा आपला, ही पळवाट कोणाच्याही लक्षात येते.

चॅनल चोरीला जातो म्हणजे काय होते?

प्रायोजकत्वाचा आकर्षक ईमेल येतो, करारपत्र म्हणून एक फाइल जोडलेली असते. ती उघडताच संगणकातील ब्राउझरमध्ये आधीपासून चालू असलेले तुमचे लॉगिनच चोरले जाते. त्यामुळे दुहेरी पडताळणी असूनही ती आड येत नाही. तासाभरात चॅनलचे नाव बदलते आणि त्यावर क्रिप्टोचे थेट प्रक्षेपण सुरू होते. नवी प्रसिद्धी मिळालेली माणसे यात जास्त सापडतात, कारण असे खरे ईमेलही त्यांना त्याच दिवसांत पहिल्यांदा येत असतात. चॅनल ज्या संगणकावर उघडा असतो, त्यावर अनोळखी फाइल उघडू नये. 'निळी टिक देतो' म्हणणाऱ्या संदेशाला उत्तरच देऊ नये. पैसे गेले असतील, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करावा.

वाईट प्रतिक्रिया आणि छायाचित्रांची छेडछाड यांविरुद्ध काय करता येते?

प्रत्येक बोचरे वाक्य गुन्हा नसते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले, तरी आजही लोक त्याच कलमाखाली तक्रार लिहून आणतात. धमकी, स्त्रीचा ऑनलाइन पाठलाग, बदनामी यांसाठी भारतीय न्याय संहितेत अनुक्रमे ३५१, ७८ आणि ३५६ ही कलमे आहेत. चेहरा जोडून केलेल्या अश्लील चित्राची तक्रार आधी त्या ॲपवर करावी. २०२१ च्या नियमांनी ते काढण्यासाठी २४ तासांची मुदत घातली होती. त्यासोबत केंद्राच्या सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर आणि नाशिक शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. चित्र काढून टाकले जाण्याआधी दुव्यासह स्क्रीनशॉट घ्यावा. रागाच्या भरात लोक आधी ब्लॉक करतात आणि पुरावा जातो.

कायद्याने न सुटणारा भाग मोठा आहे. कॉलेज रोडवरील एक मुलगी सांगत होती की तिला हजार चांगल्या प्रतिक्रियांतील एकही आठवत नाही, पण तिच्या 'न' आणि 'ण'वरून केलेली एक टिंगल तोंडपाठ आहे. रात्री दोनला उठून आकडा पाहणे, फोन उलटा ठेवला तरी हात तिकडे जाणे, सहलीला गेल्यावर सूर्यास्ताऐवजी कोन शोधणे, हे तिला स्वतःलाच विचित्र वाटू लागले होते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येते. तिने पहिल्यांदा फोन केला तो दुसऱ्याच्या नावाने.

मुलांना व्हिडिओत घ्यावे का?

आमचे मत नको असे आहे. ज्यांना हे मान्य नसेल, त्यांनी किमान एवढे ध्यानात घ्यावे की 'मुलांसाठी' असे चिन्हांकित केलेल्या यूट्यूब व्हिडिओवर प्रतिक्रिया बंद असतात आणि व्यक्तिगत जाहिराती दाखवल्या जात नाहीत, त्यामुळे उत्पन्न घटते. आणि ते भरून काढण्यासाठी मुलाकडून जास्त व्हिडिओ करून घेतले जातात. सात वर्षांच्या मुलाने बोबडे बोलणे सोडले म्हणून प्रेक्षक घटल्याची तक्रार एका वडिलांनी आमच्यासमोर केली आहे. मुलगा शेजारीच बसला होता.

हे सगळे एका रात्रीत बंद पडू शकते का?

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. आमच्याकडे येणाऱ्या पेठ, सुरगाण्यातील दोन मुलांचे लाखांतील फॉलोअर त्या रात्री गेले आणि ते इन्स्टाग्रामवर जसेच्या तसे आणण्याची सोय नव्हती. एका चॅनलवर ९० दिवसांत कॉपीराइटचे तीन स्ट्राइक बसले, तरीही तो बंद होऊ शकतो. मूळ फुटेज स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवावे.

सिंहस्थात कोणी माझाच व्हिडिओ पसरवला, तर?

हा प्रश्न रामकुंडाजवळ फुले आणि दिवे विकणाऱ्या एका ताईंनी विचारला, म्हणून येथे घेतला आहे. त्या क्रिएटर नाहीत. २०२५ च्या प्रयागराज महाकुंभात माळा विकणाऱ्या मध्य प्रदेशातील एका तरुणीचे व्हिडिओ पसरल्यावर लोक माळा घेण्याऐवजी तिला घेरून चित्रण करू लागले आणि तिला मेळा सोडून घरी परतावे लागले. ताईंनी ते पाहिले होते. २०२७ च्या सिंहस्थात आपली वर्षाची कमाई करायची की पळायचे, अशी त्यांना धास्ती आहे.

आपली ओळख पटते असा व्हिडिओ दुसऱ्याने टाकला असेल, तर यूट्यूबकडे गोपनीयतेची तक्रार करता येते. कंपनी टाकणाऱ्याला सहसा ४८ तासांची संधी देते आणि त्यानंतर स्वतः निर्णय घेते. सार्वजनिक घाटावरील चित्रण म्हणून ती फेटाळलीही जाऊ शकते, आणि मंजूर झाली तरी इतरांनी उतरवून घेतलेल्या प्रती फिरत राहतात. ॲपकडून समाधानकारक उत्तर न आल्यास ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येते. हे सर्व आम्ही ताईंना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि तूर्त तरी कोणी मोबाइल वर उचलला की त्या टोपलीतील झेंडूची माळ चेहऱ्यासमोर धरतात आणि विचारतात, "घेणार का ही? वीस रुपये."